बिटकॉइनटॉकचं मेरिट: सहज मिळत नाही, म्हणूनच बरं

आधीच सांगून टाकते, माझे स्वतःचे पैसे क्रिप्टोत नाहीत आणि घालायचा विचारही नाही. नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं ऑफिस आहे, लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर लागला आणि तेव्हापासून जुलैत येणाऱ्या फायलींमध्ये फॉर्म 16 आणि एफडीच्या व्याजाच्या दाखल्यासोबत क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजच्या एक्सेल शीट यायला लागल्या. त्यात 'एअरड्रॉप' (फुकट वाटलेली नाणी), 'बाउंटी' (प्रचाराच्या कामाचा मोबदला), 'सिग्नेचर पेमेंट' अशा नोंदी. क्लायंटला विचारावं तर उत्तर ठरलेलं: "मॅडम, ते तसंच असतं." म्हणून बिटकॉइनटॉक ही बिटकॉइनवरच्या चर्चेची साइट वाचायला लागले आणि पुढे खातंही काढलं. हा रिव्ह्यू साइटच्या एकाच गोष्टीबद्दल आहे. तिथे माणसाची पत कशी ठरते आणि ती पत कमवायला लोक कसं लिहितात. नाणं कुठलं घ्यावं हे मला विचारू नका.

साइट जुनी आहे, 2009 च्या नोव्हेंबरात बिटकॉइनचा जनक खुद्द सातोशी नाकामोतो याने सुरू केलेली. 10,000 बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवणाऱ्या लास्लो हॅन्येझची 2010 ची पोस्ट तिथलीच. नाणं न विकता धरून ठेवणं या अर्थी 'होल्ड'चं 'होडल' झालं तेही डिसेंबर 2013 मध्ये तिथेच. बिटकॉइनच्या अगदी सुरुवातीच्या साथीदारांपैकी हॅल फिनीने आजारपणात लिहिलेलं मनोगत आजही वाचायला मिळतं. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या क्रिप्टोची ओळख तिचा कर्ता व्हिटालिक ब्युटेरिनने 2014 च्या जानेवारीत तिथेच करून दिली. इतका ऐवज असूनही साइटचं रूप पाहाल तर वाटेल रंगाचा डबा एकदाच उघडला आणि मग झाकण लावून टाकलं. मोबाइलवर तर कठीणच. महापेला एका कंपनीचं काम असतं तेव्हा मी ठाण्याहून वाशी लोकल पकडते. ऐरोली येईपर्यंत बोटांनी अक्षरं मोठी करण्यातच वेळ जातो.

आता मुद्द्याचं.

तिथे प्रत्येकाला दर्जा असतो: न्यूबी, ज्युनियर मेंबर, मेंबर, फुल मेंबर, सीनियर, हीरो आणि शेवटी लेजंडरी. पूर्वी हा दर्जा फक्त 'अॅक्टिव्हिटी'वर, म्हणजे पोस्टच्या हजेरीवर ठरायचा. दर दोन आठवड्यांना जास्तीत जास्त 14 अॅक्टिव्हिटी, एका दिवसात शंभर पोस्ट टाकल्या तरी तेवढीच. म्हणजे घाई चालत नाही हे खरं, पण डोकंही लागत नाही. पंधरा दिवसांतून चौदा वेळा 'छान प्रकल्प' असं लिहा आणि वाट बघत बसा, चढाल वर. 2017 च्या तेजीत हेच झालं. दर्जा वाढला की पोस्टखालच्या सहीत, म्हणजे 'सिग्नेचर'मध्ये, जास्त मजकूर आणि रंग टाकता येतात, आणि त्या जागेवर जाहिरात लावायला कंपन्या बिटकॉइन मोजतात, तेच 'सिग्नेचर पेमेंट'. मग दर्जासाठी लिहायचं, लिहिण्यासाठी पैसे घ्यायचे, असं चक्र.

जानेवारी 2018 मध्ये थेमॉस या नावाने वावरणाऱ्या प्रशासकाने त्यावर मेरिटची, म्हणजे इतर सदस्यांनी दिलेल्या गुणांची, अट बसवली. मेंबर व्हायला 10 मेरिट, फुल मेंबरला 100, सीनियरला 250, हीरोला 500, लेजंडरीला 1000. शिवाय अॅक्टिव्हिटी हवीच. हीरोसाठी 480 लागते, म्हणजे एकही पंधरवडा न चुकवता सव्वा वर्षाहून जास्त काळ. लेजंडरीचा आकडा तर 775 ते 1030 च्या मध्ये कुठे लागेल ते प्रत्येकाचं वेगळं. ज्युनियर मेंबरला सुरुवातीला मेरिट लागत नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात तिथेही एक मेरिट सक्तीचं झालं, कारण नुसत्या न्यूबी-ज्युनियरचीच खोगीरभरती झाली होती.

मला आवडली ती यातली देण्याची बाजू. मेरिट आभाळातून पडत नाही, दुसऱ्या सदस्याने द्यावं लागतं, आणि त्याच्याकडे ते मोजकं असतं. मला कुणी दोन मेरिट दिली तर त्यातून पुढे द्यायला माझ्या हाती एकच येतं. दिलेलं परत घेता येत नाही. एकाच माणसाला महिन्याला 50 च्या वर देता येत नाही. कुणी कुणाला कुठल्या पोस्टसाठी किती दिलं, हे उघड्यावर दिसतं. शाळेत मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातला लाडू देणारा पोरगा दोनदा विचार करतो ना, तसंच. लाइकचं बटण दाबताना आपलं काय जातं? काहीच नाही, म्हणून तर आपण लग्नाच्या फोटोंपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळ्यावर अंगठे उमटवत सुटतो.

माझं पहिलं मेरिट मला अजून आठवतं. कुणीतरी विचारलं होतं की भारतात राहून सिग्नेचरचे पैसे बिटकॉइनमध्ये मिळतात, तर कर कसा दाखवायचा. माझा घणसोलीचा एक क्लायंट नेमकं हेच करतो, त्यामुळे हिशोब हातात होता. मी लिहिलं: ज्या दिवशी नाणं खात्यात आलं त्या दिवशीची रुपयांतली किंमत हे तुमच्या लिखाणाचं उत्पन्न, ते तुमच्या स्लॅबप्रमाणे. तीच किंमत पुढे खरेदी किंमत धरायची. विकाल तेव्हा वर जे सुटेल त्यावर 30 टक्के आणि त्या करावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 31.2. तोटा झाला तर तो तुमचा तुम्ही गिळायचा, दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही. इथल्या एक्स्चेंजवर विकलं तर जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस कापला जातो, तो 26एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, आलाय का बघा. ही माझी पद्धत, तुमचा सीए वेगळं म्हणू शकतो. एवढंच. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडून बघते तर दोन मेरिट, देणारा कोण कुठला देव जाणे. वीस वर्षं लोकांना हेच समजावतेय, बरेचदा फुकट, पण त्या दोन आकड्यांनी मी चहा सांडेपर्यंत खूश झाले होते. माणूस विचित्रच.

आता याच्या उलटचा नमुना. वाशी-नेरूळकडच्या लोकांचा टेलिग्रामवर एक क्रिप्टो ग्रुप आहे, नाव घेत नाही. माझ्या भाच्याने मला त्यात टाकलं होतं. तिथेही पॉइंट असतात, पण ते बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, वाटतो. रोज 'गुड मॉर्निंग फॅमिली' लिहिलं की पॉइंट, अॅडमिनच्या मेसेजला रॉकेट लावलं की पॉइंट, माणूस आणला तर भरघोस पॉइंट. सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असा चढता क्रम. मी सरळ विचारलं, तुम्ही सुचवता त्या टोकनचे, म्हणजे नाण्यांचे, व्यवहार कुठल्या एक्स्चेंजवर होतात आणि तिथे टीडीएस कापतात का? उत्तर आलं नाही, माझे पॉइंट मात्र शून्यावर आले आणि 'निगेटिव्हिटी पसरवू नका' असा सुविचार मिळाला. दोन तासांनी बोलण्याची सोयच बंद. भाचा म्हणाला, "मावशी, तू पण ना, असं सगळ्यांसमोर विचारतात का?" अरे, मग कुठे विचारायचं? तलावपाळीला बोटीत बसून?

आपल्याकडच्या बहुतेक ग्रुपची हीच तऱ्हा आहे, आणि फक्त आपल्याकडेच नाही. रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या क्रिप्टोकरन्सी या मोठ्या समूहात मे 2020 पासून 'मून्स' नावाचे पॉइंट वाटायला सुरुवात झाली. तुमच्या पोस्ट-कॉमेंटला मतं जितकी जास्त, तितके दर चार आठवड्यांनी मून्स, आणि ते चक्क बाजारात विकता यायचे. कल्पना ऐकायला गोड. पण मताला भाव फुटला की माणूस मत मिळेल तेच लिहितो. 17 ऑक्टोबर 2023 ला रेडिटने ही पॉइंटची योजनाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि मून्सचा भाव काही तासांत 80 टक्क्यांहून जास्त कोसळला. घोषणेच्या आधीच समूह सांभाळणाऱ्या काही मॉडरेटरांनी आपले मून्स विकल्याचं ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या उघड्या नोंदवहीत, दिसलं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. मेरिटला असा बाजारभाव नाही. विकायचा प्रयत्न करणारे आहेत, पण सापडले की त्यांच्या नावापुढे लाल शेरा बसतो.

तो शेरा म्हणजे 'ट्रस्ट', मेरिटहून वेगळी गोष्ट. मेरिट सांगतं हा माणूस लिहितो बरं, ट्रस्ट सांगतो याच्याशी व्यवहार करावा का. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर तुमचं अक्षर सुंदर आहे की नाही हे कुणी बघत नाही, सिबिल बघतात. हा फरक नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही. 'हीरो मेंबर आहे ना, मग पैसे पाठवायला हरकत नाही' असं म्हणणारे मला भेटलेत. खाती हॅकही होतात, हातही बदलतात. त्यामुळे कुठल्याही व्यवहाराआधी त्याच्या ट्रस्टच्या पानावर जाऊन शेरे वाचा, कोणी दिलेत आणि कशासाठी तेही बघा.

लिहिण्याची रीत तिथे कडक आहे आणि मला ती पटते. लागोपाठ दोन पोस्ट टाकायच्या नाहीत, आधीचीच दुरुस्त करायची. धागा, म्हणजे एका विषयावरची चर्चा, यादीत वर आणायला 'अप' लिहायचं तर चोवीस तासांत एकदाच. रेफरलच्या लिंका पेरायच्या नाहीत. मुख्य विभागांत इंग्रजीच, बाकी भाषांना वेगळे कोपरे. नव्याला दोन पोस्टमध्ये काही मिनिटं थांबावं लागतं. आणि दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवलं तर कायमची बंदी येऊ शकते, मग तुम्ही लेजंडरी असा नाहीतर आणखी कुणी. वर्षानुवर्षांपूर्वीची चोरी उकरून काढणारे हौशी तिथे भरपूर आहेत. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला यातले दोन नियम लावले तरी सभा तासात आटपेल.

भाच्याने टेलिग्रामची सवय घेऊनच तिथे पाऊल ठेवलं. पहिल्याच दिवशी 'ग्रेट प्रोजेक्ट सर, टु द मून', 'आय अॅग्री विथ यू' अशा ओळी आणि मध्येच 'प्लीज गिव्ह मी मेरिट'. संध्याकाळपर्यंत निम्म्या उडाल्या होत्या. मेरिट मागणं म्हणजे तिथे भीक मागणंच धरतात. मी त्याला म्हटलं, तू इलेक्ट्रॉनिक्सचा ना, हार्डवेअर वॉलेट, ते क्रिप्टोच्या किल्ल्या जपणारं छोटं यंत्र, उघडून बघितलंयस, त्यावर लिही की. त्याने स्क्रीनचा रिबन केबल सुटलेलं एक वॉलेट कसं जोडलं ते पायरीपायरीने लिहिलं आणि कशालाही हात लावण्याआधी सीड शब्द (वॉलेट बिघडलं तर नाणी परत मिळवायचे परवलीचे शब्द) कागदावर आहेत ना ते तपासा, हे सुरुवातीलाच बजावलं. मराठीत विचार करून लिहिलेलं इंग्रजी होतं, व्याकरण यथातथाच. तरी मेरिट आलं. 'ज्युनियर मेंबर झालो' असा त्याचा मेसेज मला रात्री साडेअकराला, वर एक पेढ्याचा इमोजी. खरा पेढा अजून यायचाय, प्रशांत कॉर्नर त्याच्या घरापासून लांब नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. मेरिटचा नवा साठा काही ठरावीक सदस्यांच्या हाती असतो, त्यांना 'मेरिट सोर्स' म्हणतात, दर महिन्याला वाटायला त्यांना कोटा मिळतो. ते जे वाचतात तेच वर येतं. इंग्रजीत ऐसपैस लिहिणाऱ्याचं फावतं, आपल्या भाषांच्या कोपऱ्यात कितीही चांगलं लिहा, वाचणारेच चार. जुन्या जाणत्यांचं एकमेकांना देणं-घेणंही चालतं. उघड्यावर चालतं म्हणून ते कमी होतं असं नाही. आणि 2018 मध्ये आधीच्या सदस्यांना त्यांच्या दर्जाइतकं मेरिट आयतं मिळालं होतं, त्यामुळे जुन्या हीरोचे 500 आणि नव्या हीरोचे 500 एका तागडीत तोलता येत नाहीत. चुकीचं लिहिलं म्हणून मेरिट कापायची सोय नाही. बिटकॉइनच्याच विषयावरच्या स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या साइटवर दुसऱ्याच्या उत्तराला खाली मत दिलं तर देणाऱ्याचाही एक गुण जातो. ती सोय इथे असती तर चाललं असतं, निदान खोटं बोलणाऱ्याला कुठेतरी चटका बसला असता.

पाचपैकी साडेतीन देते. एक तारा सहीतल्या जाहिरातींचा कापला, कॅसिनो वगैरेंच्या रंगीत पट्ट्यांमधून मूळ मजकूर शोधावा लागतो. अर्धा मोबाइलचा. ज्याला 'आज कुठलं नाणं घेऊ' एवढंच विचारायचंय त्याने फिरकू नये, ज्याला आपल्या एक्सेल शीटमधली एखादी नोंद नेमकी कसली हे समजून घ्यायचंय त्याने जरूर जावं, पण आधी जुने धागे शोधून मगच प्रश्न टाकावा. आणि खातं काढलंत की पहिल्यांदा प्रोफाइलमध्ये 'लुक अँड लेआउट प्रेफरन्सेस' उघडा. तिथे 'डोन्ट शो युजर्स सिग्नेचर्स' अशी एक ओळ आहे, तिला टिक करा, म्हणजे त्या जाहिराती तरी डोळ्यांसमोरून जातील.