पहिला हँडी कोणता? नागपूरच्या नव्या हॅमसाठी बाओफेंग, क्वानशेंग आणि यासू

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचालकाचा, परवाना मिळून व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरची आपली ओळख) हातात आला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ सेट, कोणता घेऊ? परवाना यायच्या आधी मात्र घेऊ नका. आपल्याकडे सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो. ऑनलाइन 'वॉकीटॉकी' म्हणून जे विनापरवाना चालतात ते ४४६ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे सेट. आपले बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) १४४ ते १४६ (हाच दोन मीटर बँड) आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ.

आता उमेदवार. बाओफेंगचा यूव्ही-५आर, क्वानशेंगचा यूव्ही-के५ आणि यासूचा एफटी-६५. तिन्ही दोन्ही बँडवर एफएम बोलतात, तिन्हींची शक्ती ५ वॅटच्या आसपास. तेव्हा वॅटवरून वाद घालण्यात अर्थ नाही. दुकानदार '८ वॅटवाला घ्या ना भाऊ' म्हणेल, पण ५ चे ८ वॅट झाले तर फरक पडतो जेमतेम २ डेसिबलचा. समोरच्याच्या एस-मीटरचा, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मापकाचा, एक आकडा वाढायला ६ डेसिबल लागतात. सेमिनरी हिल्सवर उभं राहून अर्धा वॅट जे करील, ते मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये चहूबाजूंनी सिमेंट असताना ५ वॅट करणार नाहीत. व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) लहरींना वाट मोकळी लागते, जोर नंतर.

म्हणून माझा हिशेब सेटपासून नाही, अँटेनापासून सुरू होतो. यासूच्या किमतीत बाओफेंग येतो, वर गच्चीवर लावायची साधी अँटेना आणि चांगली कोॲक्स केबल (अँटेनापासून सेटपर्यंतची तार) येते. घरात बसून बोलणाऱ्याला ही जोडी नुसत्या यासूपेक्षा जास्त लांब नेईल. तेवढंही जमत नसेल तर सेटच्या अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला, साधारण अर्धा मीटर वायर जोडून लोंबती सोडा. दोन मीटर बँडवर फरक कानाला कळतो, आणि खर्च जवळपास शून्य.

मग यासूला जास्त पैसे का द्यायचे? दोन कारणं मला पटतात. एक, एफटी-६५ ला आयपी५४ संरक्षण आहे, म्हणजे धूळ आणि पावसाचे शिंतोडे तो सोसतो (पाण्यात बुडवायचा नाही). आपत्तीच्या कामात उतरायचं असेल, मे महिन्याच्या धुळीत आणि जुलैच्या पावसात सेट कमरेला लटकणार असेल, तर हा पैसा वाया जात नाही. दुसरं, सिग्नलची शुद्धता. अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेच्या मोजणीत बाओफेंगचे बरेच नग हार्मॉनिक्सच्या (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत उमटणाऱ्या नको त्या सिग्नलच्या) मर्यादेबाहेर निघाले होते. सगळेच वाईट नसतात, पण तुमच्या हाती कोणता पडेल हे नशीब.

क्वानशेंग हा खटपट्या माणसाचा सेट. यूएसबी-सीने चार्ज होतो, आणि हौशी प्रोग्रामरांनी त्याच्यासाठी इतकी फर्मवेअर (सेटच्या आतली सॉफ्टवेअर) लिहिली आहेत की स्क्रीनवर आसपासच्या सिग्नलांचा स्पेक्ट्रमसुद्धा दिसतो. ज्याला फर्मवेअर बदलण्यात रस नाही, त्याने बाओफेंग घेतला तरी फारसं बिघडत नाही. क्वानशेंगवर विमानांचा एएम बँडही ऐकू येतो. विमानतळ जवळ असल्यामुळे मोह होईल, पण हॅमचा परवाना त्यासाठी नाही.

दोन्ही चिनी सेटांत एक धोका सारखाच: ते आपल्या बँडच्या बाहेरही प्रक्षेपण करतात. बोट चुकलं तर भलत्याच सरकारी वाहिनीवर बोलाल. चर्प हे मोफत सॉफ्टवेअर तिन्ही सेटांना चालतं. त्यातून चॅनेल भरून घ्या, आणि सुरुवातीचे दिवस आकडे हाताने टाकूच नका. सेट संगणकाला जोडायची केबल स्वस्तातली घेतली तर तिच्यातली नकली चिप विंडोजचा ड्रायव्हर नाकारतो आणि संध्याकाळ त्यातच जाते.

अंतराळ स्थानक ऐकायची हौस असेल तर तिन्ही सेट १४५.८०० वर ऐकवतात. तिथल्या रिपीटरसाठी (ऐकलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र) १४५.९९० वर, रिपीटर उघडणाऱ्या ६७ हर्ट्झच्या टोनसह बोलायचं आणि ४३७.८०० वर ऐकायचं. मात्र बोलता बोलता स्वतःचा सिग्नल ऐकता येईल असा सेट या तिघांत एकही नाही.

डीएमआरचा (आवाज डिजिटल करून पाठवणाऱ्या पद्धतीचा) सेट पहिला म्हणून नको. आयडी (नोंदणीचा क्रमांक), कोडप्लग (सेटिंगची फाइल), हॉटस्पॉट (इंटरनेटला जोडणारं छोटं यंत्र) यात महिना जाईल आणि बोलणं राहूनच जाईल.

आणि एखाद्या जुन्या हॅमकडून यासूचा एफटी-६० मिळत असेल, तर वरचं बरंच बाजूला ठेवून तोच बघा. सुपरहेट (सिग्नल टप्प्याटप्प्याने गाळणारा) रिसीव्हर असल्यामुळे शेजारच्या तगड्या सिग्नलने तो चिनी सेटांसारखा गुदमरत नाही. बॅटरी मात्र निकेल-मेटल हायड्राइडची, जुन्या सेटात ती बहुधा मेलेली असते. पूर्ण चार्ज करून, फुल पॉवरवर मिनिटभर बोलून पाहा आणि नव्या बॅटरीचे पैसे सौद्यातून वजा करा.