केरीचे हॉलिडे होम: पावसाळ्यात मुलांना ठेवण्याजोगे आहे का?

पेडणे तालुक्यात केरीजवळ असलेले हे पाच खोल्यांचे घर ऑक्टोबर ते मे पर्यटकांना भाड्याने जाते. पुरामुळे घर सोडावे लागलेल्या मुलांना आठ-पंधरा दिवस ठेवता येईल का, एवढ्यापुरते आम्ही ते जुलैत पाहिले.

अशा वेळी डोव्हरकोर्ट आठवते. डिसेंबर 1938 मध्ये नाझी राजवटीतून सुटलेली मुले इंग्लंडच्या हार्विच बंदरात उतरली; पहिल्याच तुकडीत सुमारे 200, बहुतेक ज्यू. जवळच डोव्हरकोर्टला किनाऱ्यावरचा हॉलिडे कॅम्प थंडीत ओस पडलेला होता, तिथे त्यांची सोय झाली. पण खोल्या उन्हाळ्यापुरत्या बांधलेल्या, शेकोटी-हीटर काही नाही. मुले अंगावरच्या कोटासकट झोपत.

तिथे थंडी, इथे ओल. चिऱ्याच्या भिंतींना पश्चिमेकडून हातभर उंचीपर्यंत बुरशी आहे. कापसाच्या गाद्या दाबल्या तर तळवा ओला होतो. एखाद्या मुलाने रात्री अंथरूण ओले केले की ती गादी पंधरा दिवस वाळायची नाही. गाद्या माळ्यावर टाकाव्यात. खाली प्लास्टिक, वर चटई, त्यावर गोधडी. गोधड्या प्रत्येकी दोन हव्यात.

मालक खोलीत सहा मुले मावतील म्हणतात. खोली 12 बाय 14, म्हणजे 168 चौरस फूट. आपत्तीतल्या निवाऱ्याचे माप माणशी साडेतीन चौरस मीटर, सुमारे 38 चौरस फूट. म्हणजे चारच. एकूण 20 मुले आणि हॉलमध्ये दोन मोठी माणसे, याहून एकही जास्त नको.

शौचालये तीन, संख्येला पुरेशी. पण दोन खोल्यांना जोडलेली आणि तिसरे अंगणापलीकडे, वाटेत दिवा नाही. लहान मुले रात्री तिकडे जाणार नाहीत, अडवून धरतील. बॅटरीचा दिवा आणि वर पत्रा आधी बसवून घ्या.

पाणी विहिरीचे, टाकी 1000 लिटरची. माणशी 15 लिटर धरले तर 22 जणांना रोज 330 लागतात, त्यामुळे वीज गेली तरी तीन दिवस निभावते. मात्र पावसात विहीर गढूळ होते. आधी पाणी निवळून घ्यावे, मग हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून तासभर थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडते. पिण्याचे पाणी वेगळे उकळा. स्वयंपाकघर मोठे आहे, सकाळच्या पेजेला आणि दुपारच्या जेवणाला गॅसच्या दोन शेगड्या पुरतात.

आमची खरी हरकत वेगळी आहे. बाजूच्या दोन खोल्या मालक त्याच काळात पाहुण्यांना देणार म्हणतात. हे मुळीच मान्य करू नका. डोव्हरकोर्टला शनिवार-रविवारी मुले न्यायला आलेली कुटुंबे जेवणाच्या वेळी त्यांना न्याहाळत फिरत. लहान, गोंडस मुले आधी जात, मोठी मागे राहत. भावंडांचीही ताटातूट होई. इथे फाटकाला आतून कडी हवी, फोटो काढायला मनाई हवी आणि भावंडे एकाच खोलीत हवीत. एवढे लेखी मिळाले तर जागा घ्या. नाही मिळाले तर गावातली शाळा बरी.