लायकेन प्लॅनसची पेस्ट : आठ महिन्यांचा वापर

काल ट्यूब कात्रीने कापली. पाच ग्रॅमची, करंगळीएवढी ट्यूब, आणि तळाशी दोन दिवसांचं औषध अडकलेलं! त्या रागातच लिहायला बसले.

ट्रायमसिनोलोन ०.१ टक्का, म्हणजे स्टिरॉइडची पेस्ट, तोंडात लावायची. लायकेन प्लॅनस म्हणजे तोंडात आतून पांढरी जाळी, लाल चट्टे आणि आग. ज्यांच्या गालाला आतून पांढरी जाळी आहे त्यांना बाकी सांगायला नको. तोंड आलंय समजून मी वर्षभर बी-कॉम्प्लेक्स खाल्लं, जाईचा पाला चघळला. आजाराचं नाव कळलं ते बायोप्सीनंतर.

पहिले दोन महिने माझं मत एकच, पैसे पाण्यात. मेली चिकटायचीच नाही. बोटाने चोळली की रव्यासारखी कणी व्हायची, ती जिभेवर घोळत राहायची, शेवटी थुंकून मोकळी. चिठ्ठीवर ‘दिवसातून ३ वेळा लावणे’ एवढंच. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, ‘काकू, लावायची, अजून काय!’ ट्यूब बदलून मागितली, दिली नाही. चांगलंच वाजलं आमचं.

आणि चूक निघाली माझी. खोक्यातला मुंगीच्या अक्षरातला कागद भिंग लावून वाचला. चोळायची नाही, नुसती टेकवायची. पेस्टमध्ये जिलेटिन, पेक्टिन असतं. लाळेने भिजून त्याचा बुळबुळीत पापुद्रा धरतो आणि औषध जागेवर राहतं. चोळलं की पापुद्राच मोडतो. आता जेवण झालं की चूळ, गाल ओढून गॉझने टिपायचा, मुगाएवढी पेस्ट कापसाच्या काडीने टेकवायची आणि अर्धा तास तोंड बंद. (या अर्ध्या तासावर घरचे खूश.) झोपताना लावलेली सगळ्यात टिकते.

तीन आठवड्यांत लाल चट्टे बसले, आग गेली. जाळी आहे तशीच. आमटी-भात सुरू झाला, ठेचा अजून लांबच. चौथ्या महिन्यात मात्र जिभेवर दह्यासारखा थर! स्टिरॉइडच ते, बुरशीला रान मोकळं. त्यावर बुरशीचं औषध क्लोट्रिमॅझोल लावा, म्हणजे परत खर्च. आता आग उठली तरच लावते, तेही डॉक्टरांना विचारून. फेसाळ टूथपेस्ट सोडल्यानेही बराच फरक पडला. क्वचित या आजाराचा कॅन्सर होतो, त्यामुळे सहा महिन्यांची तपासणी चुकवत नाही.

औषधाला नावं ठेवणार नाही. पण पाच ग्रॅम? एवढ्याशा ट्यूबला खोकं मात्र वीतभर.

कापलेल्या ट्यूबला कपड्यांचा चिमटा लावून ठेवलाय. सून बघून हसली. हसू दे.