ईएसआयचा भत्ता की ईपीएफची पेन्शन?

माझा मावसभाऊ भोसरीच्या कारखान्यात आहे. मूत्रपिंडं निकामी, डायलिसिस चालू. अर्ज कुठे करू, विचारत होता.

ईएसआयचा (कामगार राज्य विमा) वाढीव आजार लाभ म्हणजे पगाराच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त दोनच वर्षं. दोन वर्षं सलग नोकरी, १५६ दिवसांची वर्गणी आणि ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीतला आजार हवा; त्याचा आजार त्या यादीत आहे. खरी मेहनत आजारपणाच्या डॉक्टरी दाखल्यांची. तारखांत खंड पडला की पैसे अडतात, म्हणून प्रत्येकाची झेरॉक्स ठेवायलाच हवी.

ईपीएफची (भविष्य निर्वाह निधी) अपंगत्व पेन्शन आयुष्यभर मिळते, एका महिन्याची वर्गणीही पुरते. रक्कम मात्र तुटपुंजी, किमान १००० रुपये. शिवाय कायमचं, पूर्ण अपंगत्व मेडिकल बोर्डापुढे सिद्ध करावं लागतं.

कामावर परतायची आशा असेल तर ईएसआय. ते काम कायमचं सुटलं असेल तर पेन्शन. भावाला प्रत्यारोपणाची आशा आहे. त्याने आधी बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय गाठावं.