भोजनालयाचा विमा: वादळ येऊन गेल्यानंतरचा अनुभव

आमचे भोजनालय ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. पुढे जेवणाचे टिनाचे शेड, मागे स्वयंपाकघर, बाजूला पर्यटकांसाठी चार खोल्या. मागच्या ऑक्टोबरात, कोअरचे, म्हणजे जंगलाच्या गाभ्यातल्या भागाचे, गेट उघडले त्याच सुमारास, 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी घेतली. मे महिन्यातल्या वादळात शेडची अर्धी टिना उडाली आणि क्लेम करावा लागला. त्यामुळे घेताना काय सांगितले आणि गरज पडल्यावर काय मिळाले, हे दोन्ही सांगता येते. कंपनीचे नाव देत नाही. या पॉलिसीचा मूळ मसुदा सगळीकडे सारखाच आहे, फरक पडतो तो क्लेम हाताळण्यात.

ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली. एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या धंद्यांसाठी ती आहे, म्हणजे गावाकडचे जवळपास प्रत्येक हॉटेल आणि ढाबा यात बसतो. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल, झाड किंवा गाडी येऊन आदळणे, हे सगळे मूळ हप्त्यातच येते. जंगलातला वणवाही येतो, आणि मला त्याचे महत्त्व फार वाटले. मोहफुले वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा पेटवतात, वारा फिरला की आग कुठे जाईल सांगता येत नाही.

खरी गोष्ट आहे रक्कम ठरवण्याची. आमचे एजंट म्हणाले, "ताई, बँकेचं कर्ज आहे तेवढ्याचाच काढा, हप्ता कमी येते." मी नाही म्हटले. कर्ज फिटत जाते, शेड तेवढेच राहते. समजा दहा लाखांची मालमत्ता आहे आणि विमा सहा लाखांचा आहे. दोन लाखांचे नुकसान झाले तर हातात एक लाख वीस हजारच येतील, कारण विमा जितका कमी, त्या प्रमाणात क्लेमही कापतात. या पॉलिसीत कमतरता १५ टक्क्यांच्या आत असेल तर माफ आहे, त्याहून जास्त असेल तर वरच्यासारखे पूर्ण प्रमाणात कापतात. आम्ही मिस्त्रीकडून आजच्या भावाने नव्याने बांधायचा खर्च लिहून घेतला आणि तोच आकडा टाकला. शेड, भांडी, फर्निचर, माल वेगवेगळे लिहिले. गवताचे छप्पर असेल तर ते कच्च्या बांधकामात धरतात, ते लपवू नका. त्यासोबत चोरीचा विमा आणि गिऱ्हाइकाला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा, ज्याला पब्लिक लायबिलिटी म्हणतात तो विमा घेतला. त्यात जेवणातून विषबाधा झाली तर ते संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते, आपोआप मिळत नाही. खानावळवाल्याने हे सोडू नये.

वादळ संध्याकाळी आले. टिना उडून शेजारच्या वावरात पडल्या, खुर्च्या-टेबलांवर पाणी, लाईनचे खांब आडवे. जावेचा भाऊ श्रीवर्धनला घरगुती खानावळ चालवतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याचे छप्पर गेले होते. त्यानेच आधी सांगून ठेवले होते की आवराआवर करायच्या आधी फोटो काढ, वाकलेली टिन भंगारात देऊ नकोस. त्याच्या नारळी-सुपारीच्या झाडांचे काही मिळाले नव्हते, झाडे दुकानाच्या विम्यात येत नाहीत. तेव्हा फोटो आधी काढले, तलाठ्याचा पंचनामा घेतला, कंपनीला त्याच रात्री कळवले.

कंपनीतर्फे नुकसान तपासणारे सर्व्हेअर चंद्रपूरहून आले. माणूस कामाचा होता. एक टिन उलटी करून त्यांनी बोल्टच्या भोकांवरून बोट फिरवले. भोके लांबट फाटली होती. "वाऱ्यानं ओढली म्हणून अशी फाटली. गंजून सुटली असती तर कडा खाल्लेल्या दिसल्या असत्या," असे म्हणून त्यांनी फोटो घेतला. झीज आणि गंज विम्यात बसत नाही, त्यामुळे हा एक फोटो मोलाचा ठरला. मग स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडर पाहिले. आमच्याकडे १९ किलोचे निळे व्यावसायिक सिलिंडरच असतात. रस्त्यावर कितीतरी ठिकाणी घरगुती १४.२ किलोचे लाल सिलिंडर लावलेले दिसतात. तो नियमभंग आहे, आणि उद्या आग लागली तर कंपनीच्या हातात आयते कारण देणे आहे. माझी कळकळीची विनंती आहे, तेवढे पैसे वाचवू नका.

पैसे मिळायला मात्र त्रास झाला. पहिल्या हिशेबात कंपनीने जुनेपणाची घट कापली. या पॉलिसीत इमारत आणि फर्निचरची भरपाई नवे उभारण्याच्या खर्चाने आहे, फक्त ते खरोखर उभारून बिल द्यावे लागते. आम्ही शेड बांधून पक्की बिले दिली, तरी फरक अडकवून ठेवला. फोनवर नुसते "प्रोसेसमध्ये आहे". शेवटी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र दिले आणि विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली, तेव्हा पैसे आले. भंगाराची किंमत वजा झाली, ती योग्यच होती. लहान धंदेवाल्यांना माहीत नसते म्हणून सांगते: एकट्या मालकीचा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडेही जाता येते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची, उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुढे जायचे. वकील लागत नाही.

डीप फ्रीजरमधले चिकन आणि पनीर गेले त्याचे काहीच मिळाले नाही. लाईन गेल्यामुळे माल सडला तर त्यासाठी वेगळे संरक्षण लागते, असे उत्तर आले. कागद पाहिला, तसेच आहे. पण उन्हाळ्यात जिथे वादळ झाले की लाईन जाते, तिथल्या हॉटेलवाल्याला हे विकताना कुणी आपणहून सांगत नाही, याचा मला राग आहे. वानरांनी खोल्यांची कौले फोडली तेही बसत नाही, असे लेखी आले.

आणखी एक. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, तेव्हा आम्ही खोल्यांना कुलूप लावतो. आगीच्या विम्यात इमारत सलग महिन्यापेक्षा जास्त रिकामी राहिल्यास संरक्षण थांबण्याची अट असू शकते, म्हणून आम्ही कंपनीला आधीच लिहून कळवले आणि पोच ठेवली. ज्यांचे रिसॉर्ट पूर्ण बंद राहते त्यांनी हे आवर्जून करावे.

नूतनीकरण तोंडावर आहे. यंदा नफ्याच्या नुकसानीचाही विमा घेणार. वादळ-आगीने धंदा बंद पडला तर तेवढ्या काळाची कमाई त्यातून मिळते, गेट बंद असण्याची मिळत नाही. आमची वर्षाची कमाई मार्च ते जून या महिन्यांत होते, म्हणून धंदा बंद राहिल्याची भरपाई जितका काळ मिळते तो कालावधी बारा महिन्यांचा मागितला आहे, म्हणजे हे महिने त्यात येतातच. फ्रीजरच्या मालाचे संरक्षण सोबत. हप्ता वाढेल, पण मे महिन्यात गिऱ्हाईक दारातून परत पाठवताना जे गेले ते त्याहून जास्त होते. कंपनी बदलायची का, ते दोन ठिकाणची कोटेशने आल्यावर ठरवू.