घोकायची यादी की शब्दाचं मूळ?

भुसावळहून जळगावला जाताना गाडीत वीस-वीस इंग्रजी शब्द घोकायचो. उतरेपर्यंत पाठ, आठवड्यात साफ! पेपर उद्यावर असेल तर यादी बरी, तेवढ्यापुरती.

मूळ धरून शिकायला वेळ लागतो, पण शब्द टिकतो. ग्रीकमध्ये ‘मेलास’ म्हणजे काळा, ‘खोले’ म्हणजे पित्त. काळं पित्त वाढलं की माणूस उदास, अशी जुनी समजूत, म्हणून मेलँकोली. नुसतं पित्त भडकलं की कॉलरिक, तापट. लॅटिन ‘सँग्विस’ म्हणजे रक्त, त्यावरून सँग्विन, उमेदीचा. कफावरून फ्लेग्मॅटिक, थंड. (आपल्या वात-पित्त-कफाची सवय इथे कामी येते.)

भरिताच्या पंगतीत मिरची कमी म्हणून ओरडणारे मामा कॉलरिक. केळीचा भाव पडूनही ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणत दुसरी भाकरी मागणारे काका सँग्विन.