रातभरच्या नाटकावर खुणा: डाविंची रिझॉल्व्हमधले मार्कर, एका हंगामानंतर

झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक रात्री साडेदहाच्या पुढं सुरू होतं आणि संपतं तेव्हा कोंबडं आरवलेलं असतं. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडच्या गावांत दिवाळीनंतर मंडई (म्हणजे जत्रा), शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक, हे होळीपर्यंत चालतं. मी त्याचं शूटिंग करतो. दोन कॅमेऱ्यांचं मिळून दहा-बारा तासांचं फुटेज घरी येतं, तेही तुकड्यांत, कारण माझा कॅमेरा ४ जीबी भरले की नवी फाइल काढतो. तिसऱ्या दिवशी मंडळाचा फोन ठरलेला: "भाऊ, तो दुसऱ्या अंकातला गाना तेवढा काढून दे ना."

तो गाना शोधण्यात आधी माझी अर्धी रात्र जायची. वहीत वेळा लिहायचो, पण अंधारात लिहिलेलं अक्षर सकाळी मलाच लागायचं नाही. मी डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर एडिटिंग करतो. त्यात मार्कर, म्हणजे फुटेजवर टाकायच्या रंगीत खुणा, असतात हे माहीत होतं, वापरत नव्हतो. या हंगामात ठरवून वापरले. (खुणा म्हटलं की आमच्याकडं आधी झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे आठवतात, २०२३ चे पद्मश्री. असो.)

काम साधं आहे. फुटेज चालू ठेवायचं आणि जागा आली की कीबोर्डवरचा एम दाबायचा, थांबायची गरज नाही. एल दोनदा दाबून दुप्पट वेगानं पाहतो, तसंच खुणा टाकत जातो. फक्त वेग वाढला की बोट मागं राहतं. डोळ्यांनी पडदा पडलेला पाहिला, हातानं एम दाबला, तोवर फुटेज दोन-तीन सेकंद पुढं गेलेलं असतं. म्हणून नंतर प्रत्येक खूण ओढून थोडी मागं घेतो. शिफ्ट दाबून वर-खालीच्या बाणानं एका खुणेवरून दुसरीवर उडी मारता येते. माझा खरा वेळ इथं वाचला.

रंग सोळा मिळतात. सुरुवातीला मी नऊ वापरले: गाणं, विनोदी प्रवेश, रडारड, वन्स मोअर, लाइन गेली वगैरे. आठ दिवसांनी जांभळा कशाचा तेच आठवेना. आता चारच. हिरवं गाणं, निळा प्रवेश, लाल म्हणजे कापायचं, पिवळं म्हणजे मंडळाला विचारायचं. एम पुन्हा दाबला की नाव लिहायची चौकट उघडते. भाच्याला एकदा हे काम दिलं, तर त्यानं सत्तरेक खुणांना एकच नाव दिलं: मस्त. म्हटलं, असं काहून केलं? तर म्हणतो, "मामा, नाटक मस्तच होतं ना."

आता मी खाल्लेल्या ठेचा. पहिली: खूण टाकताना क्लिप (फुटेजचा तुकडा) निवडलेली असेल तर ती क्लिपवर बसते, नसेल तर वरच्या पट्टीवर, म्हणजे टाइमलाइनवर. क्लिपवरची खूण क्लिपसोबत फिरते. पट्टीवरची आपल्या जागी राहते. मला हे ठाऊक नव्हतं. एका नाटकाच्या सुरुवातीची माणसं बसेपर्यंतची अठरा मिनिटं मी कापली, मागचं सगळं पुढं सरकलं आणि पट्टीवरच्या खुणा होत्या तिथंच राहिल्या. गाण्याच्या खुणेवर बघतो तर खलनायक हसतोय. टाइमलाइनच्या मेन्यूत मार्कर सोबत सरकवण्याचा पर्याय आहे, तो मी नंतर सुरू केला. तरी गाण्यांच्या खुणा आता क्लिपवरच टाकतो.

दुसरी ठेच जास्त लाजेची. यूट्यूबवर पूर्ण नाटक टाकताना खुणांच्या वेळा बघून वर्णनात भाग लिहिले. तिथं पहिली वेळ ००:०० लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमानं आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा. एवढं सगळं पाळलं. पण रिझॉल्व्हची टाइमलाइन मुळात १ तासापासून मोजायला लागते, हे विसरलो. पहिली ओळ तेवढी शून्य लिहिली, बाकी सगळ्या एक तासानं पुढं. लावणीवर दाबलं की भलताच प्रवेश! मुंबईला कामाला गेलेल्या पोरांचे फोन आले. आता नवी टाइमलाइन केली की सुरुवातीचा टाइमकोड, म्हणजे मोजणीची पहिली वेळ, आधी शून्य करतो. मार्करवरूनच भाग बनवायची सोय रिझॉल्व्हच्या निर्यातीच्या पानावरही आहे. रंग निवडला की त्याच रंगाच्या खुणा घेतं. हिरव्या तेवढ्या घेतो.

अजून एक. खुणा फुटेजच्या फाइलीत नसतात, रिझॉल्व्हच्या प्रोजेक्टमध्ये असतात. नुसतं फुटेज पेनड्राइव्हवर देऊन "त्यात सगळं आहे" असं मी एका मित्राला सांगितलं होतं. प्रोजेक्ट वेगळं निर्यात करून दिलं तेव्हा त्याला खुणा दिसल्या.

लग्नाच्या कामात एवढा फायदा नाही वाटला. तिथं मंगलाष्टकं कुठं आहेत ते क्रमावरूनच कळतं. तिथं फक्त लाल वापरतो: कोणी कॅमेऱ्यासमोरून गेलं, कोणाचा मुलगा फ्लॅशसमोर रडला. नाटकाला मात्र खुणांशिवाय आता बसत नाही. मागच्या होळीच्या आधीच्या नाटकाचं गाणं मंडळानं परवा मागितलं, पाच मिनिटांत काढून दिलं. अध्यक्ष म्हणाले, "एवढ्या लवकर? मग पैसे कमी घे."